कॅमेरा ट्रॅपचे फोटो वेळेप्रमाणे लावताना: नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतालच्या, आमच्या भागातून दरवर्षी दोन-चार पोरं कॅमेरा ट्रॅपच्या कामाला लागतात. जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढतो तो कॅमेरा ट्रॅप. कोणी वनविभागाकडे हंगामी, कोणी एखाद्या संशोधकाकडे फील्ड असिस्टंट म्हणून. बारावीनंतर मीही असाच लागलो. जंगल पायाखालचं होतं, त्यामुळे कॅमेरे लावायचे आणि महिन्याभराने कार्डं काढून आणायची, एवढंच काम असेल असं वाटलं होतं. संगणकासमोर बसल्यावर कळलं की निम्मं काम त्या खोलीतच आहे. गावच्या पोरांना जंगल शिकवावं लागत नाही, फोटो वेळेप्रमाणे लावायला मात्र शिकवावं लागतं. आणि त्याची सुरुवात कॅमेऱ्याच्या घड्याळापासून होते.

वाघाचे पट्टे म्हणजे त्याच्या बोटांचे ठसेच. दोन वाघांचे सारखे नसतात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टेही एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर, एकेक कॅमेरा बांधतात. अगदी समोरासमोर नाही, थोडे तिरके, म्हणजे एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जात नाही. वाघ मधून गेला की अ कॅमेऱ्यात डावं अंग येतं, ब मध्ये उजवं. हे डावं आणि ते उजवं एकाच वाघाचं, हे ठरवायला आपल्याकडे आधार असतो तो वेळेचा. वाघ नवा असेल तर दुसरा आधारच नसतो.

माझ्या दुसऱ्या हंगामात मी नेमका तिथेच चुकलो. कॅमेऱ्यांची अशी एक जोडी बांधलेली जागा म्हणजे एक स्टेशन. दोन नाले मिळतात तिथल्या स्टेशनवर ब कॅमेऱ्याचे सेल मध्येच उतरले होते. मी ते बदलले, घड्याळ पुन्हा लावलं, पण मनगटावरच्या घड्याळात बघून, घाईत. कार्डं आल्यावर अ मध्ये ५:५८:४० ला एक डावं अंग दिसलं आणि ब मध्ये ५:५८:२६ ला एक उजवं. चौदा सेकंदांचा फरक होता. वाघीण रेंगाळली असेल असं समजून मी दोन्ही एका नावावर टाकले. पट्टे जुळवणाऱ्या वरिष्ठ ताईंनी दोन दिवसांनी बोलावलं. उजवं अंग आदल्या वर्षीच्या यादीतल्या वाघिणीचं होतं, पण तिचं डावं अंग आमच्याकडे आधीच होतं आणि ते हे नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "हे दोघं आहेत रे. तू जोडलेला वाघ जंगलात नाही, फक्त आपल्या यादीत आहे."

उलगडा माझ्याच फोटोने झाला. सेल बदलल्यावर चाचणी म्हणून मी दोन्ही कॅमेऱ्यांच्या मधून चालत गेलो होतो. एकच माणूस, तेच पाऊल, खांद्यावर तोच दुपट्टा. अ मध्ये वेळ ९:१४:२०, ब मध्ये ९:२६:४१. ब चं घड्याळ १२ मिनिटं २१ सेकंद पुढे होतं. तेवढं वजा केल्यावर ब मधली वाघीण ५:४६:०५ वर आली, आणि अ मध्ये नेमक्या त्याच सेकंदाला तिचं डावं अंग निघालं. ५:५८ चं डावं अंग तिच्या मागून बारा मिनिटांनी आलेल्या, आईएवढ्या झालेल्या बछड्याचं होतं. त्याचं उजवं अंग ब मध्ये ६:११ च्या फोटोत होतं, ते मी वेगळाच वाघ म्हणून बाजूला ठेवलं होतं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. मोबाईलची वेळ नेटवर्कवरून आपोआप लागणारी ठेवायची. घड्याळाचं सेकंद दाखवणारं ॲप उघडायचं आणि तो पडदा दोन्ही कॅमेऱ्यांना दाखवायचा, बांधताना एकदा आणि काढताना एकदा. सोबत पाटी: स्टेशन क्रमांक, अ की ब, तारीख. काढतानाचा फोटो नवीन पोरं हमखास विसरतात, आणि तोच जास्त कामाचा. मोबाईलच्या आणि कॅमेऱ्याच्या वेळेतला फरक बांधताना आणि काढताना सारखाच निघाला, तर सगळ्या फोटोंची वेळ तेवढीच सरकवायची. थोडा वाढला असेल तर घड्याळ रोज थोडं थोडं पुढेमागे जात होतं, आणि दुरुस्तीही तारखेच्या हिशेबाने थोडी थोडी करावी लागते. फरक एकदम तासांचा किंवा वर्षांचा निघाला, तर सेल उतरून घड्याळ मध्येच कधीतरी पुसलं गेलंय असं समजा.

अशा वेळी सगळं कार्ड एकदम सरकवलं तर चांगले फोटोही बिघडतात. कॅमेऱ्याने दिलेल्या मूळ क्रमांकाने फोटो लावा आणि तारीख कुठे उडी मारते ते शोधा. क्रमांक पुढे जात राहतो, तारीख मात्र अचानक जुन्या कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीला जाते. उडीच्या आधीचे फोटो एका फोल्डरमध्ये, नंतरचे दुसऱ्यात, आणि दुरुस्ती फक्त दुसऱ्यावर. म्हणूनच मूळ क्रमांक कुठेतरी जपून ठेवल्याशिवाय फाईलचं नाव बदलायचं नाही.

कार्डं खाली करतानाचा मोठा धोका हाच की सगळ्या कॅमेऱ्यांतल्या फाईलींची नावं सारखी असतात. बहुतेक कार्डांत पहिली फाईल एक नंबरची. दोन कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली आणि संगणकाने "रिप्लेस करू का" विचारल्यावर हो म्हटलं, की एक कार्ड गेलं. आधी स्टेशनचा फोल्डर, त्याच्या आत अ आणि ब, मग कॉपी. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका, साहेब कितीही घाई करोत. वर्षाला ते २५-३० दिवसच मिळतात, पुन्हा तो वाघ त्या वाटेने बोलावता येत नाही.

संगणकावर दोन तारखा दिसतील. "डेट मॉडिफाइड" ही फाईलची तारीख, "डेट टेकन" ही फोटोच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली. फोटोच्या आतल्या या नोंदीला एक्झिफ म्हणतात. क्रम नेहमी "डेट टेकन"ने लावा. फाईल एडिट करून सेव्ह केली की पहिली तारीख बदलते. शिवाय ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर सहसा जी फॅट पद्धत असते, तिच्यात फाईलची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच लिहिली जाते. जोडी जुळवायला दोन सेकंदही खूप होतात. व्हिडिओचं मात्र उलट: बऱ्याच ट्रॅप कॅमेऱ्यांच्या व्हिडिओत आतली वेळ नसतेच, तेव्हा फाईलची तारीख हाच आधार. ते व्हिडिओ उघडून सेव्ह करत बसू नका.

वेळ सरकवायला एक्झिफटूल हे फुकट मिळणारं साधन २००३ पासून आहे. काळ्या पडद्यावर आदेश टाईप करावे लागतात म्हणून पोरं घाबरतात, पण चार आदेश पाठ झाले की हजार फोटो दोन मिनिटांत होतात. डोळ्यांपुढे फोटो हवे असतील तर डिजीकॅम या संगणकावरच्या फोटो प्रोग्राममध्येही वेळ बदलता येते. खास कॅमेरा ट्रॅपसाठी कॅमट्रॅपआर आहे, ते आर या संगणकाच्या भाषेत चालतं आणि आतून एक्झिफटूलच वापरतं. काहीही वापरा, पण प्रतीवर, मूळ फोटोंवर नाही. नाव देताना स्टेशन, बाजू, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद आणि शेवटी क्रम, याच ओळीने. एका सेकंदात तीन फोटो निघतात म्हणून शेवटचा क्रम लागतोच. महिना ४ नव्हे, ०४ लिहा, नाहीतर नावाने लावताना १० हा ४ च्या आधी बसू शकतो.

मोबाईल दाखवायचा राहिला असेल तरी हातपाय गाळू नका, फोटोतच घड्याळं असतात. मध्यरात्री बारा-एकचा फोटो आणि झाडाखाली आखूड काळी सावली, म्हणजे बारा तासांची चूक, एएम-पीएमची. ०४/०५ ही ४ मे की ५ एप्रिल, हे मोहफुलाला विचारा: चौकटीत टोपल्या घेऊन मोह वेचायला निघालेल्या बायका असतील तर एप्रिल, तेंदूपत्त्याचे पुडे असतील तर मे. आमच्या एका स्टेशनवरून ढोरकी रोज सकाळी गुरं घेऊन जातो. दोन्ही कॅमेऱ्यांत तीच गाय, तोच बांडा गोऱ्हा सापडला की फरक सेकंदावर काढता येतो. मी दोन स्टेशनं त्याच्या गुरांवर दुरुस्त केली आहेत.

माणसांच्या फोटोंबद्दल मात्र कडक राहा. आपल्याच गावच्या बायाबापड्या त्यात असतात. वेळ जुळवायचं काम झालं की साहेबांना विचारून ते वेगळे काढा, कोणाला दाखवू नका. वाघाचा फोटोही ग्रुपवर टाकायचा नाही. कोणत्या वाटेवर वाघ कधी येतो हे शिकाऱ्याला त्यातून कळतं.

काम मोठं आहे, हेही सांगतो. २०१८ च्या देशभरच्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले. त्यातले वाघाचे ७६,६५१. बाकी गवत, गुरं, माकडं, चितळं. आता छाननीला सॉफ्टवेअर आहे, पण चुकीचं घड्याळ त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून कामाला येण्याआधी एमएससीआयटी झालेली असेल तर उत्तम, नसेल तर निदान फोल्डर, कॉपी आणि एक्सेलमध्ये वेळ वजा करणं शिकून या. वजाबाकी जमली की साहेब तुम्हाला खोलीतल्या कामालाही बसवतात, आणि पावसाळ्यात जंगलातलं काम थांबलं तरी तुमचं चालू राहतं.

पाटीवर खडूने लिहू नका, दवाने पुसतं. मार्कर ठेवा, आणि तीनही फोटो निघेपर्यंत पाटी हलवू नका. पहिला फोटो बऱ्याचदा हललेला येतो.