मखमली मेलानोक्रायसम : या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आजारी मखमली वेलांची जेवढी छायाचित्रे आली, त्यांतील बहुतेकांत एकच दृश्य दिसते: मातीलगत काळवंडलेले खोड, पिवळी पडलेली खालची दोन पाने आणि अर्धवट उलगडून फाटलेले सर्वांत वरचे पान. सोबतचा प्रश्नही ठरलेला असतो, की पाणी रोज घालतो, खतही दिले, तरी असे का होते. त्यातूनच ‘फिलोडेंड्रॉन मेलानोक्रायसम आपल्याकडच्या घरांत टिकत नाही’ असे मत पसरत चालले आहे आणि ते मला मुळीच मान्य नाही. पुण्यातील माझ्या पूर्वेकडच्या खिडकीत हा वेल पाच वर्षांपासून आहे आणि त्याची वरची पाने आता हातभर लांबीची येतात. या वेलाला घाई सोसत नाही, आणि मी पाहिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ घाईतच होते.

हा वेल मूळचा कोलंबियाचा. अँडीज पर्वताच्या पायथ्याकडील चोको आणि अँटिओकिया या अतिपावसाच्या भागांतील जंगलांत तो वाढतो. लिंडेन आणि आंद्रे या वनस्पतिअभ्यासकांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. ‘मेलानोक्रायसम’ या ग्रीक नावाचा अर्थ काळे सोने असा आहे, कारण कोवळे पान तांबूस सोनेरी रंगाचे येते आणि जून होताना काळपट हिरवे होते. त्या जंगलात पाऊस पुष्कळ पडतो, हे वाचून लोक कुंडीत पाणी ओतत राहतात. मात्र तेथे या वेलाची मुळे झाडांच्या खोडांवरील शेवाळात आणि जंगलाच्या तळाच्या भुसभुशीत पाचोळ्यात असतात. तेथून पाणी सतत वाहून जाते आणि मुळांभोवती हवा खेळत राहते. म्हणजे तेथे ओल असते, पण पाणी साचत नाही. हा फरक ज्याला कळला, त्याचे निम्मे काम झाले.

आल्या दिवशीच मोठ्या कुंडीत लावणे

मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली आणि स्वतःही केलेली चूक हीच आहे. पहिला मेलानोक्रायसम मला कुरिअरने मिळाला तो ऐन मे महिन्यात. तीन पानांचे रोप होते, मुळांभोवती ओले मॉस, म्हणजे शेवाळ, गुंडाळलेले होते आणि तीन दिवसांच्या प्रवासाने पाने मलूल झालेली होती. माझ्याकडे दहा इंची सुंदर चिनी मातीची कुंडी तयार होती. इतर झाडांना मानवते तेच याला मानवेल, असे धरून मी तिच्यात लाल माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) समप्रमाणात भरले, रोप लावले आणि भरपूर पाणी दिले. पाने मलूलच राहिली, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी दिले. बाहेर ३९ अंश तापमान होते, त्यामुळे झाडाला तहान लागली असणार, याविषयी माझ्या मनात शंकाच नव्हती. बाराव्या दिवशी खालचे पान पिवळे झाले. मी ते काढून टाकले आणि पाणी देत राहिले. तिसऱ्या आठवड्यात खोड मातीलगत मऊ लागले. कुंडी उपसली, तेव्हा मुळांची साल ओल्या कागदासारखी हातात आली आणि आत केवळ दोऱ्यासारखा गाभा उरला होता.

त्या कुंडीत काय घडले, हे समजून घेण्यासारखे आहे. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. लहानशा मुळांना दहा इंची कुंडीतील पाणी ओढून घेता येत नाही, त्यामुळे बारीक मातीच्या सर्व पोकळ्या दिवसेंदिवस पाण्याने भरलेल्या राहतात, मुळे गुदमरतात आणि मूळकुजीच्या बुरशीला मोकळे रान मिळते. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही, म्हणून पाने मलूल होतात. मलूल पान पाहून माणूस आणखी पाणी घालतो. तहानेने मलूल झालेले आणि मूळकुजीने मलूल झालेले रोप वरून अगदी सारखे दिसते, म्हणून पानाकडे पाहून पाणी देण्याचा निर्णय कधीही घेऊ नये. मी मिश्रणात दोन पेरे बोट खुपसून पाहते आणि कुंडी उचलून वजन पाहते. वजनाचा अंदाज आठवड्याभरात हाताला बसतो आणि बाजारातील ओलावामापकापेक्षा माझा त्यावर अधिक विश्वास आहे.

ते रोप वाचले. निरोगी खोडाच्या दोन पेरांसह शेंडा धारदार, स्पिरिटने पुसलेल्या पात्याने कापला, दिवसभर सावलीत कोरडा होऊ दिला आणि पिळून घेतलेल्या स्फॅग्नम मॉसमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या वाळक्या शेवाळात), झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवला. मुळे दिसायला सहा आठवडे लागले आणि पूर्वीच्या आकाराचे पान यायला आठ महिने. तेव्हापासून माझा नियम असा आहे की, नवे रोप आले की पहिले दोन आठवडे त्याला हात लावायचा नाही. ते ज्या मिश्रणात आले त्यातच, उजेडाच्या पण उन्हापासून दूरच्या जागी राहू द्यायचे. मुळे उघडीच आली असतील, तर ती मावतील एवढीच, बहुधा चार इंची आणि शक्यतो पारदर्शक कुंडी घ्यायची. मिश्रणात मी नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोन भाग, परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) एक भाग, लाकडी कोळशाचा चुरा एक भाग आणि वरून मूठभर गांडूळखत घेते. माती अजिबात घेत नाही. कुणाचे मिश्रण वेगळे असेल. पाणी ओतल्यावर ते काही सेकंदांत खालून वाहून गेले पाहिजे, एवढे मात्र पाहावे.

कोकोपीटविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण आपल्याकडे ते स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध असल्यामुळे प्रत्येक कुंडीत जाते. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, आणि ते धुऊन घेतले तरी त्याचे कण खतातील कॅल्शियम व मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेत राहतात. कॅल्शियम कमी पडले की त्याचा पहिला फटका कोवळ्या पानाला बसतो आणि पान वेडेवाकडे किंवा जळक्या कडांचे येते. सोडणाचे तुकडेही त्याच जातीचे असल्यामुळे मी ते दोन-तीन वेळा धुऊन, कॅल्शियम नायट्रेटच्या सौम्य द्रावणात रात्रभर भिजवून मगच वापरते. कोकोपीटच्या दाबलेल्या ‘विटा’ पाण्यात फुगवून लगेच लावणी करण्याचा जो सोपा मार्ग सर्रास सांगितला जातो, तो या वेलापुरता तरी विसरावा.

कोरड्या काथ्याची काठी

‘फिलोडेंड्रॉन’ म्हणजे झाडावर प्रेम करणारे. हा आरोही वेल आहे आणि आधाराला मुळे रोवल्याशिवाय त्याची पाने मोठी होत नाहीत. बालपणीची हृदयाकृती पाने आणि प्रौढपणीची लांबट, खाली लोंबणारी, दोन फुटांपर्यंत जाणारी पाने यांत इतका फरक असतो की, प्रौढ रूपाला काही काळ फिलोडेंड्रॉन आंद्रेआनम असे वेगळे नावच होते. नर्सरीत मिळणारी काथ्या गुंडाळलेली काठी हा त्याला आधार वाटतो. पण काथ्या पाणी धरत नाही, तासाभरात कोरडा होतो आणि हवेतील मुळे त्याला स्पर्श करून सुकून जातात. वेल दोऱ्याने काठीला बांधलेला असतो, त्यामुळे तो चढल्यासारखा दिसतो, पण प्रत्यक्षात लटकत असतो. अशा वेलाची पाने वर्षभरानंतरही तळहाताएवढीच राहिली, की लोक खत वाढवतात.

मी प्लास्टिकच्या जाळीची पन्हळ करून तिच्यात स्फॅग्नम मॉस भरते, मागची बाजू प्लास्टिकच्या कागदाने बंद करते आणि वेलाची पेरे उघड्या बाजूच्या मॉसला टेकवून सैल बांधते. पाणी वरून, बाटलीने, सावकाश देते, म्हणजे हा मॉसचा खांब ओला होऊन उरलेले पाणी कुंडीत उतरते. खांब सतत दमट राहिला पाहिजे. तो आठवड्यातून तीन दिवस कोरडा पडणार असेल, तर हा खटाटोप वाया जातो. पहिले मूळ मॉसमध्ये शिरल्यापासून तिसऱ्या किंवा चौथ्या पानाला आकारातील वाढ स्पष्ट दिसू लागते. तेवढी वाट पाहण्याची तयारी नसेल, तर हा वेल घेऊच नये, असे माझे प्रामाणिक मत आहे.

गुंडाळलेले पान हाताने उघडणे

ही चूक पाहिली की मला खरोखर वाईट वाटते, कारण ती मायेपोटी केली जाते. नवे पान एका पातळ आवरणातून, गुंडाळीसारखे बाहेर येते आणि ते पूर्ण उलगडायला दोन ते तीन आठवडे सहज लागतात. माझ्या ओळखीच्या एक काकू, ज्यांच्या हाताला बागेत यश आहे, त्यांनी एप्रिलमध्ये मेलानोक्रायसमची अशी गुंडाळी दहा दिवस तशीच पाहिली आणि ती ‘अडकली’ असे समजून नखाने हलकेच सोडवली. दुसऱ्या दिवशी पान मधोमध चिरले आणि जिथे जिथे बोट लागले होते तिथे तपकिरी डाग उमटले. त्या मला म्हणाल्या, “अगं, मी तर अगदी फुलासारखं धरलं होतं.” त्यांनी खरोखरच तसे धरले असणार. पण त्या अवस्थेत पानाच्या पेशी अजून ताणत असतात, त्यांची बाहेरची भिंत कोवळी असते आणि बोटाचा साधा दाबही त्यांना पुरतो. तो डाग पान गळेपर्यंत, म्हणजे वर्षभरही, तसाच राहतो.

पान अडकण्याचे खरे कारण बहुतेक वेळा कोरडी हवा असते. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये दुपारची सापेक्ष आर्द्रता अनेकदा २५ टक्क्यांच्याही खाली जाते. या वेलाला निदान ६० टक्के हवी असते. मुंबई, कोकण आणि गोव्यातील लोकांना ही अडचण फारशी येत नाही. देशावर आणि विदर्भात ती हमखास येते. त्यावर दिवसातून चार वेळा फवारणी करणे हा उपाय लोकप्रिय आहे आणि माझ्या मते निरुपयोगी आहे. फवाऱ्याने वाढलेली आर्द्रता काही मिनिटांत ओसरते, आणि थेंब मात्र पानावर राहतात. अळूच्या पानावरून पाणी मोत्यासारखे घरंगळते. मेलानोक्रायसम अळूच्याच कुळातला असला तरी त्याच्या पानावर थेंब सुकेपर्यंत बसून राहतो आणि बोअरच्या पाण्यातील क्षारांचा पांढरा ठिपका मागे ठेवतो. मी उन्हाळ्याचे तीन महिने आर्द्रता वाढवणारे छोटे यंत्र सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा चालवते. ज्यांना ते परवडत नाही, त्यांनी नवे पान दिसताच त्याभोवती पारदर्शक पिशवी सैलपणे घालावी आणि रोज थोडा वेळ काढून ठेवावी. झाडांची गर्दी एका कोपऱ्यात केल्यानेही फरक पडतो. गुंडाळी अगदीच चिकटून बसली असेल, तर बोटाऐवजी कोमट पाण्यात भिजवलेला कापूस आवरणावर दहा मिनिटे टेकवून ठेवावा आणि पुढचे काम पानावर सोडावे.

काही चुका थोडक्यात

पान चमकावे म्हणून त्यावर खोबरेल तेल, दूध किंवा दुकानातील चकाकी आणणारा फवारा कधीही लावू नये. मखमल म्हणजे पानाच्या पृष्ठभागावरील पेशींचे अगदी सूक्ष्म उंचवटे आहेत. त्यांच्यामुळे उजेड आत ओढला जातो आणि पान गडद दिसते. तेलाने ते उंचवटे बुजतात आणि धूळ चिकटते. मऊ, कोरडा कुंचला पुरेसा आहे. कडुनिंबाच्या तेलाचीही या पानांवर मला भीती वाटते. फुलकिडे किंवा लाल कोळी दिसले, तर एका पानावर आधी औषध लावून पाहावे, दोन दिवस थांबावे आणि फवारणी नेहमी ऊन उतरल्यावर करावी.

सावलीचे झाड म्हणून ते दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले, तर पेरांमधले अंतर वाढते आणि पाने लहान होत जातात. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, आभाळ दिसेल अशी जागा निवडावी. दक्षिणेची खिडकी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे त्या खिडकीतून ऊन आत येत नाही. तीच जागा डिसेंबरमध्ये तिरप्या उन्हाने भरून जाते. उन्हाळ्यात सुखाने राहिलेला वेल हिवाळ्यात अचानक भाजतो, तो यामुळे.

चहाचा चोथा, अंड्याची टरफले, तांदळाचे धुवण यांतील काहीही या कुंडीत घालू नये. मी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा देते आणि रात्रीचे तापमान १५ अंशांखाली उतरू लागले की बंद करते.

विकत घेताना फिलोडेंड्रॉन मायकॅन्स आणि मेलानोक्रायसमचे बालरूप यांत गल्लत होते. मायकॅन्सची पाने लहानच राहतात आणि पाठीमागून लालसर असतात. ग्लोरिओसम हा फिलोडेंड्रॉनही मखमली आहे, पण तो जमिनीवर सरपटतो. त्याला खांबाला बांधू नये आणि त्याचे आडवे खोड मिश्रणाखाली पुरू नये. पान नसलेला, नुसत्या पेराचा तुकडा स्वस्त मिळतो म्हणून नवशिक्यांनी तो घेऊ नये. त्यातून रोप उभे राहते, पण त्याला महिनोन्‌महिने सांभाळावे लागते आणि एवढ्या काळात ‘मुळे आली का’ म्हणून तो रोज उकरून पाहणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत.

वेल खांबाच्या टोकाला पोचला की लोक शेंडा खुडतात. मी खांबावर आणखी एक पन्हळ चढवते. ते शक्य नसेल तेव्हा मॉसमध्ये मुळे धरलेल्या दोन-तीन पेरांखाली कापते, म्हणजे शेंडा मुळांसकट वेगळा होतो आणि पानांचा आकार फारसा मागे जात नाही. कापताना हातमोजे घालावेत आणि मुलांना व मांजरांना दूर ठेवावे, कारण अळूप्रमाणेच याच्याही चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हे काम मी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात करते, जेव्हा हवा दमट झालेली असते आणि खालच्या खोडाला नवे डोळे फुटायला पुढचे तीन महिने मिळतात.