सायकलवर मांड्या झाका

मे महिन्यात वर्धा-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. सायकलवर सगळ्यात आधी भाजते ती मांडीची वरची बाजू आणि गुडघा, कारण पायडल वर येताना मांडी आडवी होते आणि ऊन थेट तिच्यावर पडतं. एकदा मी हिंगणघाटपर्यंत हाफ पॅन्टवर गेलो. रात्री अंगावरची चादरसुद्धा सोसवेना.

तेव्हापासून पांढरा, सैल सुती पायजमा. उजव्या पायाची मोहरी चेनमध्ये अडकते, म्हणून ती मोज्यात खोचा, नाहीतर घोट्याशी रबर लावा. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे मांड्यांवरचं कापड ओलं केलं की पाणी झपाट्याने उडतं आणि पाय खरंच गार पडतात. दमट हवेत हे इतकं जमत नाही. शिंपडायच्या पाण्याची बाटली मात्र वेगळी ठेवा, पिण्याचं पाणी त्यात घालवू नका.

चप्पल घालत असाल तर पावलांना सनस्क्रीन लावा. घामाने जातं, दर दोन तासांनी पुन्हा लावा. पहाटे पाचला निघा, दहाच्या आत सावली गाठा. डांबर तापलं की झळ खालूनही लागते.