फोरट्रानमध्ये फंक्शन पाठवताना 'एक्स्टर्नल' टाळा

फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत इंटिग्रेशनच्या (संकलनाच्या) सबरूटीनला, म्हणजे उपप्रोग्रामला, फंक्शन पाठवायचं असेल, तर ते नुसतं 'एक्स्टर्नल' म्हणून जाहीर करू नका. त्यातून कंपायलरला त्या फंक्शनची आर्ग्युमेंट (त्याला दिली जाणारी मूल्यं) किती आणि कोणत्या प्रकारची, हे कळतच नाही. डबल प्रिसिजनच्या (जास्त अचूक संख्यांच्या) फंक्शनच्या जागी दुसऱ्या फाइलमधलं सिंगल प्रिसिजनचं फंक्शन गेलं, तरी प्रोग्राम बिनबोभाट चालतो आणि उत्तर भलतंच येतं. फार घातक प्रकार आहे हा.

फोरट्रान 2003 पासून 'ॲब्स्ट्रॅक्ट इंटरफेस' आहे. मोड्यूलमध्ये (कोडच्या एकत्रित गटात) त्यात फंक्शनचा साचा लिहा आणि सबरूटीनमधलं डमी आर्ग्युमेंट (पाठवलेलं फंक्शन ज्या नावाने येतं ते) 'प्रोसीजर(साच्याचं नाव)' असं जाहीर करा. साच्यात 'इंपोर्ट' हमखास राहून जातं. त्याशिवाय बाहेर ठरवलेला 'डीपी' (डबल प्रिसिजनसाठीचं नाव) आत दिसत नाही. सबरूटीन आणि पाठवायचं फंक्शन, दोन्ही मोड्यूलमध्येच ठेवा. मग विसंगती कंपाइल करतानाच पकडली जाते.