टॉक्सिनचा अभ्यास करताना बॅक्टेरियाच्या बाजूने विचार कसा करायचा

टॉक्सिनवर, म्हणजे बॅक्टेरिया बनवतात त्या विषावर, सेमिनार द्यायचा म्हटलं की बहुतेक जण पेशंटपासून सुरुवात करतात, जुलाब होतात, घशात पडदा धरतो, आणि तिथेच अडकतात. तसं नाही करायचं. एवढं मोठं प्रोटीन बनवायला बॅक्टेरियाला एनर्जी लागते ना, मग त्या बदल्यात त्याला मिळतं काय, हा प्रश्न आधी वहीत लिहा आणि मगच पेपर उघडा.

सगळ्यात आधी जीन कुठे बसलाय ते बघा. कॉलऱ्याच्या टॉक्सिनचा जीन मुळात एका बॅक्टेरिओफेजचा, म्हणजे बॅक्टेरियालाच लागण करणाऱ्या व्हायरसचा, हे वाल्डोर आणि मेकालानोस या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं. घटसर्पाचंही तसंच. जीन असा बाहेरून आलेला असेल तर त्याच जातीचे टॉक्सिन नसलेले स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, पण सापडतात, ते तुलनेला ठेवा, फुकटचा कंट्रोल मिळतो.

मग टॉक्सिन चालू कधी होतं ते शोधा, कारण खरी माहिती इथेच असते. घटसर्पाच्या बॅक्टेरियाला लोह भरपूर मिळत असेल तर त्याचा डीटीएक्सआर नावाचा रिप्रेसर टॉक्सिनचा जीन दाबून ठेवतो, लोह कमी पडलं की सोडतो, आणि आपल्या शरीरात मोकळं लोह जवळपास नसतंच, म्हणजे लोह संपलं की त्याला कळतं आपण कुणाच्या तरी आत आहोत. गंमत बघा, जीन व्हायरसचा आणि त्याचं बटण बॅक्टेरियाचं.

रिसेप्टर, म्हणजे टॉक्सिन पेशीवर जिथे चिकटतं ती जागा, तपासल्याशिवाय उंदरांवरच्या निकालावर विश्वास ठेवू नका. घटसर्पाचं टॉक्सिन माणसाच्या पेशीवरच्या ज्या प्रोटीनला चिकटतं त्याचं उंदरातलं रूप थोडं वेगळं आहे, त्यामुळे उंदराला त्याचं फारसं काही होत नाही. स्टॅफिलोकोकस या बॅक्टेरियाचं पीव्हीएल नावाचं टॉक्सिन माणसाच्या आणि सशाच्या पांढऱ्या पेशी फोडतं, उंदराच्या नाही. टायफॉइडचं टॉक्सिन तर पेशींवरच्या सियालिक अ‍ॅसिड नावाच्या साखरेचा जो प्रकार माणसात असतो त्यालाच चिकटतं, इतर बऱ्याच सस्तन प्राण्यांत असणारा दुसरा प्रकार त्याला चालत नाही. होस्टशी, म्हणजे ज्याला लागण होते त्या जीवाशी, जुळवून घेणं म्हणतात ते हेच, आणि टायफॉइड फक्त माणसालाच का होतो या कोड्याचा एक धागा इथे मिळतो.

टॉक्सिन जितकं जहाल तितकं बॅक्टेरियाच्या फायद्याचं, असं धरून चालू नका. लिस्टेरिया या बॅक्टेरियाचं लिस्टेरिओलायसिन नावाचं टॉक्सिन बघा. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी आपली पांढरी पेशी, लिस्टेरियाला गिळतो, लिस्टेरिया पेशीतल्या ज्या पिशवीत अडकतो तिथे आम्लता वाढते, तिथे हे टॉक्सिन जोरात चालतं, पिशवीला भोकं पाडतं आणि लिस्टेरिया बाहेर सायटोप्लाझममध्ये, म्हणजे पेशीतल्या मोकळ्या द्रवात, येतो, पण तिथे आम्लता नसल्यामुळे टॉक्सिन मंदावतं आणि पेशी जिवंत राहते. संशोधकांनी त्याच्या जागी क्लॉस्ट्रिडियम या दुसऱ्या बॅक्टेरियाचं तशाच जातीचं परफ्रिंगोलायसिन हे टॉक्सिन बसवून पाहिलं. बॅक्टेरिया पिशवीतून सुटले खरे, पण टॉक्सिन बाहेरही चालूच राहिलं, पेशी मेली, म्हणजे राहतं घरच पडलं आणि तो स्ट्रेन उंदरात रोग करेनासा झाला.

प्रयोगाची आखणी करताना फाल्को या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये मांडलेला नियम पाळा, जीन काढा, फरक बघा, परत घाला, फरक गेला पाहिजे. परत घालायची पायरी लोक गाळतात, गाळू नका. आणि प्राणी मेला की जगला एवढंच मोजू नका, बॅक्टेरिया किती वाढले, खायला काय मिळालं, दुसऱ्याकडे पसरले का तेही मोजा. कॉलऱ्याचं टॉक्सिन जुलाबातून बॅक्टेरिया पसरवतं हे जुनं झालं, २०१९ मध्ये असंही दिसलं की त्याच्यामुळे आतड्यात बॅक्टेरियाला होस्टचं लोह आणि फॅटी अ‍ॅसिड मिळतात.

शेवटी नावावर जाऊ नका. प्लेगच्या बॅक्टेरियाचं एक प्रोटीन उंदराला मारतं म्हणून त्याला म्यूराइन टॉक्सिन, म्हणजे उंदराचं विष, म्हणायला लागले, पण जीन काढल्यावर उंदरात प्लेग होतच राहिला आणि बॅक्टेरिया पिसवेच्या पोटात टिकेना. त्यामुळे होस्ट कोण हे ठरवताना मधला वाहक किडाही यादीत घ्या.