लाखेनमान ऐकताना आधी हात बघा

मी तबला शिकवते. विद्यार्थ्यांना हेल्मुट लाखेनमान यांचं संगीत ऐकवायचं असलं की मी नुसतं रेकॉर्डिंग कधीच लावत नाही, वादकाचे हात दिसतील असा व्हिडिओच लावते. १९३५ साली श्टुटगार्टमध्ये जन्मलेल्या, पुढे व्हेनिसला लुइजी नोनो यांच्याकडे शिकलेल्या या जर्मन संगीतकाराने आयुष्यभर एकच ध्यास घेतला: स्वर ऐकू यायच्या आधी तो कशाने, किती जोराने आणि कुठे घासून निघाला, ते ऐकू यावं.

सुरुवात 'ग्युएरो'पासून करा. १९७० सालची ही पियानोची छोटीशी रचना. वादक पट्ट्या नेहमीसारख्या वाजवतच नाही. पांढऱ्या पट्ट्यांच्या पुढच्या कडांवरून नखं ओढतो, मग त्यांच्या पाठीवरून, काळ्या पट्ट्यांवरून, आणि शेवटी पियानोच्या आतल्या खुंट्यांवरून. नखं कुठे आहेत ते बघत ऐका. प्रत्येक जागेची खरखर निराळी आहे, हे दुसऱ्यांदा ऐकताना आपोआप कळतं.

मग 'प्रेसिओन', एकट्या चेलोसाठी, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातल्या मोठ्या, गजाने वाजवायच्या वाद्यासाठी, १९६९. याच्यावर वेळ घालवा. बोटं तारांवरून नुसती पुसत जातात, गज तारा टेकतात त्या घोडीवर, तारांच्या खाली, लाकडावर फिरतो, कधी इतका दाबला जातो की तार करकरते. नोटेशनमध्येही बहुतेक ठिकाणी कोणता स्वर यायला हवा ते नसतं, हाताने कुठे काय करायचं ते असतं. तबला शिकणाऱ्यांना हे परकं वाटू नये. 'ना' कडेच्या चाटेवर, 'ति' मधल्या काळ्या शाईवर, डग्ग्यावर मनगटाचा दाब बदलला की घुमारा बदलतो. आपले बोलही हाताची जागा सांगतात. 'प्रेसिओन'मध्ये मध्येच एक लांब, स्वच्छ, नेहमीचा स्वर येतो. तिथे मुलं दचकतात. इतक्या घासण्या-दाबण्यानंतर साधा स्वरही नवा लागतो, आणि माझ्या मते लाखेनमान इथे सगळ्यात मोठे ठरतात.

घरात पियानो शिकणारं मूल असेल तर १९८० सालची 'आइन किंडरश्पील' ही सात छोट्या तुकड्यांची मालिका काढा. पहिल्या तुकड्यात 'हेन्शन क्लाइन' या जर्मन बालगीताची फक्त लय उरते आणि हात सगळ्यात वरच्या पट्टीपासून एकेक पट्टी घेत खाली येतो. शेवटच्या तुकड्यात वरच्या दोनच पट्ट्या ठोकल्या जातात. तिथे ठोक्याकडे लक्ष देऊ नका, ठोक्यामागे रेंगाळणारी आस ऐका.

'ग्रान टोर्सो' हे चार गजवाद्यांच्या चौकडीसाठीचं (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो) काम त्यानंतर. आवाज वाढवायचा मोह टाळा. गजाचा श्वासासारखा आवाज हळूच ऐकायचा असतो. पंखा मात्र बंद करा.

'काडेपेटीवाली मुलगी' या अँडरसनच्या गोष्टीवरचा ऑपेरा सगळ्यात शेवटी. १९९७ मध्ये हाम्बुर्गला तो पहिल्यांदा झाला. गोष्ट आधी वाचून घ्या, कारण इथे ती कुणी सरळ गाऊन सांगत नाही. थंडी थर्मोकोल घासण्यातून येते, काडी ओढल्याचा आवाज वाद्यवृंदातून येतो. त्यात गुद्रुन एन्सलिन हिचा मजकूरही आहे. जर्मनीतल्या सशस्त्र डाव्या गटातली ही बाई लाखेनमान यांच्या बालपणीच्या ओळखीची. ती कोण हे ठाऊक असेल तर गारठलेल्या मुलीचा राग कुठून येतो ते उमगतं. एका बैठकीत झेपला नाही तर दोन भाग दोन दिवशी ऐका, पण दुसऱ्या भागात शेवटी येणारं 'शो' हे बांबूच्या नळ्यांचं, फुंकून वाजवायचं जपानी वाद्य चुकवू नका.