एसी दिवसभर चालू, तरी वरची खोली तापलेलीच: स्प्रे फोमचा अनुभव

वाळवंटी हवेत आमचं छत मध्यरात्रीही हाताला गरम लागायचं. छतावर पांढरा रंग दिला, पोटमाळ्यात काचलोकर अंथरली, फरक जेमतेम. पार वैताग आला होता. एसीचे डक्टच (थंड हवा नेणाऱ्या नळ्या) त्या तापलेल्या पोटमाळ्यातून जात होते, खरी गोम तिथे होती. म्हणून छताला खालून स्प्रे फोम (फवारल्यावर फुगून घट्ट होणारा, उष्णता अडवणारा फेस) मारायचं ठरवलं.

आधी डक्टचे सांधे बुजवले, काचलोकर काढली. मग हवेचे सगळे झरोके बंद केले. छताच्या फळ्या खालून झाडून, कोरड्या असल्याची खात्री करून पहाटे फवारणी सुरू. कोरड्या हवेत स्वस्त ओपन सेल (मऊ, उघड्या छिद्रांचा) फोमही चालतो, पण त्याची आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याची क्षमता) इंचाला साधारण 3.5, क्लोज्ड सेल (कडक, बंद छिद्रांच्या) फोमची 6 च्या पुढे. जागा कमी, म्हणून क्लोज्ड सेल. कारागिराला एका वेळी 2 इंचांहून जाड थर मारू देऊ नका: घट्ट होताना फोम स्वतःच तापतो, जळूही शकतो. पहिला थर निवल्यावरच दुसरा. 24 तास घराबाहेर राहिलो, शेवटी आगरोधक लेप.

आता डक्ट थंड जागेत आहेत, एसी मधूनमधून बंद होतो. पोटमाळ्यात गॅसचा हीटर असेल तर झरोके बुजवण्याआधी त्याला बाहेरून हवा मिळायची वेगळी सोय कराच.