एकच प्रसंग, दोन शुभवर्तमाने: विसंगती वाटली तर कसे वाचावे?

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला मत्तय, दुसऱ्या बाजूला लूक. (येशूचे चरित्र सांगणारी बायबलमधली चार पुस्तके म्हणजे शुभवर्तमाने: मत्तय, मार्क, लूक, योहान.) आणि वचनात आहे तेवढेच उतरवा. बऱ्याच विसंगती इथेच निकालात निघतात, कारण सरमिसळ आपल्याच डोक्यात असते. बाळ येशूला भेटायला ज्ञानी लोक मत्तयात येतात, मेंढपाळ लूकमध्ये. दोघांना एका गोठ्यात उभे केले ते नाताळच्या देखाव्यांनी.

मग पाहा, फरक कमी-जास्त सांगण्याचा आहे की एक खरे तर दुसरे खोटे, असा? यरीहोजवळ मत्तय दोन आंधळे सांगतो, मार्क एकट्या बार्तीमयाचे नाव घेतो. ‘एकच होता’ असे मार्क म्हणत नाही. योहान 20:1 (अध्याय 20, वचन 1) मध्ये येशूच्या कबरेकडे त्याची अनुयायी मग्दालीया मरीया एकटीच जाते, पण पुढच्याच वचनात ती ‘आम्हांला ठाऊक नाही’ म्हणते. म्हणजे सोबत कुणीतरी होतेच.

खरा कस लागतो तो कफर्णहूम गावच्या शताधिपतीपाशी. हा शंभर सैनिकांवरचा अधिकारी, परराष्ट्रीय म्हणजे यहूदी नसलेला; आजारी चाकराला बरे करा अशी त्याची विनंती. मत्तय 8 मध्ये तो स्वतः येशूकडे येऊन बोलतो. लूक 7 मध्ये तो आधी यहूद्यांचे वडील पाठवतो, मग मित्र. स्वतः समोर येतच नाही. इथे शास्त्राचीच बोलण्याची रीत तपासा. योहान 19:1 म्हणते, रोमी सुभेदार पिलाताने येशूला फटके मारवले. मूळ ग्रीक वाक्यात मात्र ‘पिलाताने फटके मारले’ एवढेच आहे, तरी चाबूक त्याच्या हातात होता असे कुणी समजत नाही. योहान 4:1-2 तर उघडच सांगते: येशू बाप्तिस्मा देतो अशी बातमी होती, देत होते शिष्य. दुसऱ्याकरवी केलेले काम करवणाऱ्याच्या नावावर मांडायची ही पद्धत. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीननेही सुमारे इ. स. 400 मध्ये हा प्रसंग असाच सोडवला.

पण तेवढ्यावर थांबू नका. मत्तयाने मधली माणसे का गाळली, हे विचारा. त्याला परराष्ट्रीयाचा विश्वास थेट समोर आणायचा आहे. देवाच्या राज्यात पूर्वेकडून-पश्चिमेकडून पुष्कळ येतील हे वचन तो लगेच जोडतो. लूकला यहूदी वडिलांनी त्या माणसाची केलेली शिफारसही हवी आहे. माझ्या मते मेळ बसवण्यापेक्षा हे उत्तर अधिक कामाचे.

सभास्थानाचा अधिकारी याईर याच्या मुलीला येशू जिवंत करतो, त्या प्रसंगाचेही तसेच. मार्कमध्ये ती आधी मरणाच्या दारात आहे आणि मृत्यूची बातमी वाटेत येते. मत्तय मधला टप्पा गाळून सुरुवातीलाच ‘आताच मेली’ म्हणतो. मार्कची 23 वचने त्याने 9 मध्ये आटोपली आहेत.

आकडा अडला तर हस्तलिखितांकडे वळा. उदाहरण जुन्या करारातले, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागातले. यहोयाखीन यहूदाचा राजा झाला तेव्हा 2 राजे 24:8 प्रमाणे 18 वर्षांचा, 2 इतिहास 36:9 च्या प्रचलित इब्री पाठाप्रमाणे 8 वर्षांचा होता. काही हस्तलिखितांत इतिहासातही 18 आहे. नकलनविसाच्या हातून ‘दहा’ सुटला असावा.

मेळासाठी ओढाताण मात्र नको. जर्मन धर्मसुधारक ओसिअँडरने 1537 च्या आपल्या सुसंगती-ग्रंथात (चारही शुभवर्तमाने एकत्र जुळवणाऱ्या पुस्तकात) प्रत्येक फरकासाठी वेगळी घटना मानली, आणि याईराच्या मुलीला एकाहून अधिक वेळा मरून उठावे लागले!

काही गाठी सुटत नाहीत. येशू शिष्यांना प्रचाराला पाठवतो तेव्हा मार्क 6:8 मध्ये त्यांना काठी घ्यायची मुभा आहे, मत्तय 10:10 आणि लूक 9:3 मध्ये मनाई. ‘हातातली चालेल, नवी नको’ हे उत्तर मत्तयापुरते कसेबसे जमते, लूकपाशी अडखळते. अशा ठिकाणी समासात प्रश्नचिन्ह टाका, सुचलेली उत्तरे खाली लिहा आणि पुढचा उतारा घ्या.